कांचघरचे पितळी स्टोव्ह

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की नव्या किटलीचा शॉक बसला म्हणून ती कचऱ्यात टाकली. "कोण भांडत बसणार, आजी?" तुमची किटली गेली, पण दुकानात तसल्याच आणखी असतील. म्हणून हे आजच लिहायला घेतलं.

लढाईचे दिवस होते. आम्ही खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. संध्याकाळी, ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावून, माझी जाऊ, म्हणजे तुमची धाकटी आजी, नवा पितळी स्टोव्ह पेटवत होती. पंप मारताच टाकीचा जोड फाटला आणि पेटतं रॉकेल तिच्या तोंडावर उडालं. तिला घोंगडीत गुंडाळून आम्ही आग विझवली. एक डोळा गेला.

दवाखान्यातून सुटल्यावर ती म्हणाली, "स्टोव्ह घेतला त्या दुकानात मला न्या." फुटका स्टोव्ह घेऊन तुमचे आजोबा, ती आणि मी कांचघरच्या बाजारात गेलो.

दुकानदार म्हणाला, "हवा ज़्यादा भर दी होगी, भाभीजी. चलो, दूसरा पीस ले जाओ." शेजारी एक बाई तसलाच स्टोव्ह बांधून घेत होती.

आजोबा फॅक्टरीत माल तपासत. तिथे एक नग फुटला की सगळा लॉट बाद, आणि बाद माल पुन्हा बाहेर जाऊ नये म्हणून जागीच ठेचायचा. त्यांनी काउंटरवरची हातोडी उचलली आणि फळीवरचे स्टोव्ह ठेचू लागले. दुकानदाराने लोखंडी वजन त्यांच्या कपाळात घातलं. कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळलं तरी हात थांबेना.

"अहो, काहून जीव देऊन राहिले!" मी ओरडले.

त्यांनी त्या बाईच्या स्टोव्हला हात घातला. तिने चप्पल काढून त्यांना झोडपलं. "मेरा वाला छुआ तो हाथ तोड़ दूँगी!"

जाऊ पुढे झाली आणि चेहऱ्यावरची पट्टी सोडली. "देख लो, दीदी."

बाईने पाहिलं. मग तिनेच तो स्टोव्ह दगडी पायरीवर आपटला, टाकी चपटी होईपर्यंत आपटत राहिली.

आजोबांना पोलिसांनी चौकीत नेलं. दुकानदाराला कोणी काही विचारलं नाही. दाद मागायला तेव्हा ग्राहक न्यायालय नव्हतं. तुम्हाला आहे. किटली कचऱ्यातून काढा आणि परत न्या.

तुमची धाकटी आजी अजून त्याच शहरात, राइट टाउनला राहते आणि एका डोळ्याने रोज पेपर वाचते.