चिखलदऱ्याची बॅग

बेसा भागात ब्लाउज शिवावा तर चारुशीलानंच, असं तिकडच्या बायका सांगतात. मापात एक सूत इकडचं तिकडे होत नाही. पण लेकीची बॅग भरायला बसली आणि बाईचं माप पार सुटलं. मयुराला शाळेच्या शिबिराला, चिखलदऱ्याला, तंबूत राहायला जायचं होतं. बस संध्याकाळी निघणार होती. दिवाणावर मात्र एवढे लोकरी कपडे रचले होते, की अर्धं वऱ्हाड त्यात झाकून निघालं असतं.

चारुशीलाला स्वतःला हसू येत नव्हतं. मयुराला सिकलसेल होता. थंडी लागली की रक्त वाहायचं अडतं आणि हाडं ठणकायला लागतात. गेल्या हिवाळ्यात पोरीनं अख्खा आठवडा दवाखान्यात उशी चावून काढला होता. त्यामुळे आई एकेक कपडा दुखण्याच्या जागा आठवून घडी घालत होती. नडग्यांसाठी लोकरी मोजे, बोटांसाठी हातमोजे, कमरेसाठी जुन्या शालीचा शिवलेला पट्टा. वर गोळ्या आणि गरम पाण्याची पिशवी.

"तीन स्वेटर काहून वं आई? पोरी हसतील मले."

"हसू दे. एकावर एक घालजो."

"मंग चालू कशी?"

"चालू नको. शेकोटीपाशी बसून राहजो."

मयुरानं एक स्वेटर काढला. आईनं तो परत कोंबला. शेवटी पोर वैतागून आंघोळीला गेली.

नववीत आली तरी मयुरानं एकही सहल पाहिली नव्हती. दरवेळी चारुशीला काहीतरी कारण काढायची, कधी मामाचं लग्न, कधी पोटदुखी. खरं दुखणं शाळेत कळू द्यायचं नाही, असा तिचा दंडक होता. आज शाळेत कळलं की उद्या नात्यागोत्यात कळणार, आणि मग पोरीला स्थळ कोण आणणार? या खेपेला मात्र मयुरानं अन्न सोडलं, तेव्हा कुठं आईनं नाइलाजानं होकार दिला.

बॅगची चेन लागेना. चारुशीलानं गुडघा टेकवून दाबली, तरी लागेना. एकाएकी तिचा धीरच सुटला. तंबूत पोरीची हाडं ठणकायला लागली, तर तिथं कुणाला काय समजणार? थकली असेल म्हणून बाम चोळतील आणि झोप म्हणतील. तिनं आपला दंडक गुंडाळून ठेवला आणि शिबिराच्या ढोबळे सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. भीतीच्या भरात वर आणखी चार गोष्टी लावल्या. "तिकडं काही झालं तर पोर हातची जाईल, सर."

सरांनी तिला थांबवलं.

"ताई, मयुरानं मागच्या आठवड्यातच सांगितलं मले. दवाखान्याची फाइल दाखवली. मी तिच्या डॉक्टरांशी बोललो. तिच्यासाठी तंबू नाही, पक्की खोली ठेवली आहे, मॅडम सोबत झोपणार होत्या. पण आता तुम्ही आई असून असं म्हणून राहिल्या, तर मी तिले कसा नेऊ?"

चारुशीला घाईनं म्हणाली, "नाही हो सर, मी भेऊन बोलली. वाढवून बोलली. न्या तिले, पाया पडते तुमच्या."

"माझीच हिंमत होत नाही आता, ताई." सर रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी हळूच फोन ठेवला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

मयुरा न्हाणीघराच्या दारात उभी होती. शेवटचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"मले काहून नाही सांगितलं, सरांना माहीत आहे म्हणून?" चारुशीलानं विचारलं.

"तूच म्हणायची ना, कोणाले सांगू नको. सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का?"

पोर रडली नाही. दिवाणावर बसून एकेक कपडा बाहेर काढू लागली. चारुशीलानं तिचा हात धरला. "मी आत्ता शाळेत जाते. बसच्या आडवी पडते. तुले घेतल्याशिवाय जाऊच देत नाही."

मयुरानं हात सोडवून घेतला.

"माझं दुखणं मी सांभाळते, आई," ती म्हणाली. "तुझं भेव मी कुठं कुठं सांभाळू वं?"