डॉक्टरांच्या आधी उघडलेला रिपोर्ट

मूल होण्याच्या उपचारांसाठी दवाखान्यानं आम्हाला एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्यात बायकोचा नंबर टाकायचा होता, मी माझा टाकला. तिला म्हणालो, "तू इंजेक्शनं घे, बोलायचं खातं माझ्याकडं." वाटणी चोख होती. सुया तिला, टायपिंग मला.

हे खातं मी मंत्र्याच्या थाटात चालवलं. तिनं सांगावं, "विचारा, तीन दिवस ओटीपोटात कळा येतायत, चालेल का?" मी लिहावं, "किंचित पोटदुखी," आणि पुढं एक हसरा चेहरा. दवाखान्यातली सिस्टर उत्तर द्यायची, "ओके सर." तेवढ्यावर मी घरी सांगायचो, "डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही."

गर्भ आत सोडल्यावर चौदाव्या दिवशी रक्त तपासलं. सिस्टरनं बजावलं होतं, रिपोर्ट अ‍ॅपवर येईल, पण तुम्ही बघू नका, डॉक्टर फोन करतील. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. मला कोण अडवणार? दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा बाजूला सारून उघडला. आकडा १.२. शेजारी मर्यादा छापलेली, पाचपेक्षा कमी. माझ्या साखरेच्या रिपोर्टात बिघडलेला आकडा दरवेळी ठळक येतो, हा साधा होता. म्हणजे झकास.

तिला फोन लावला. "सगळं नॉर्मल आहे."

तिनं विचारलं, "म्हणजे राहिलंय?"

"मग काय."

"डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर कशाला? मला वाचता येतंय की."

सिस्टरलाही कळवून टाकलं, "पेढे कधी आणू?" ती काहीतरी लिहितेय असं स्क्रीनवर दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं. शेवटी आलं, "सर, ताईंना एवढ्यात काही सांगू नका." दोन वाजता डॉक्टरांचाच फोन. आकडा पाचच्या खाली असला की गर्भ राहिलेला नसतो. गोळ्या आजपासून बंद करा.

मी काय केलं? नववीचे दोन तास घेतले. फळ्यावर आकृतीही चांगली आली.

घरी पोचलो तर सासूबाई कुरुंदवाडहून एसटीनं येऊन हजर. बायको पायाखाली उशी घेऊन पडलेली. मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढून झाली होती, दुपारची गोळीही तिनं वेळेवर घेतली होती. शेवयाची खीर तयार होती. मी दोन वाट्या खाल्ल्या. दुसरी मागून घेतली. मग सांगितलं.

बायको रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला किती वाजता कळलं?"

"दोन."

तिनं घड्याळाकडं पाहिलं. सहा वाजत आले होते.

सासूबाईंनी माझ्यापुढची वाटी उचलली. "जावईबापू, शाळंत पोरास्नी बी असंच वाचून दावतासा व्हय?"

माझ्या तोंडात अजून शेवया होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. "नंबर बदलायचाय. नाही, मिस्टरांचा दुसरा म्हणूनसुद्धा नको. काढूनच टाका."

चार महिन्यांनी दुसरा प्रयत्न झाला. मला सहीपुरतं नेलं. रिपोर्टच्या दिवशी मी आगाऊपणे रजा टाकून घरी बसलो. तिचा मोबाइल वाजला तशी ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. आतून नुसती कुजबुज. मूल दोघांचं, मग बातमी एकटीलाच का, हा प्रश्न मला तिथं उभ्याउभ्या पडला, पण तो विचारायचा हक्क मीच खिरीबरोबर गिळला होता.

अर्ध्या तासानं माझा फोन वाजला. कुरुंदवाडहून सासूबाई.

"याबी बारीला न्हाई राहिलं," त्या म्हणाल्या. "तुमास्नी कळवा म्हणून तिनंच फोन केलता. आणि दारात उभं राहू नगासा. खालच्या फटीतनं पाय दिसाय लागल्यात म्हंती."