ग्लेनिसचं लाल कुलूप

ग्लेनिस टकवेलला घाणीची भयंकर किळस होती. यंत्राखाली शिरायच्या आधी ती खिशातून बामची डबी काढायची, नाकाखाली जाड थर फासायची, आणि तरीही कधीकधी मध्येच बाहेर येऊन कुंपणापाशी ओकून यायची. मग तोंड धुऊन पुन्हा आत. अशा बाईनं आयुष्यभर अवजड यंत्रांची फिटर म्हणून काम का करावं, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"ज्यांना किळस येत नाही ते साफ कशाला करतील?" ती म्हणाली.

मी तिच्याच खाणीच्या कॅम्पवर पाण्याचा टँकर चालवतो, रस्त्यांवर धूळ बसवायला. त्यामुळे सगळ्यांची घाण मला दिसते. माणसं पगार घेतात, तीन वेळा फुकट जेवतात, आणि ज्या केबिनमध्ये दिवसभर बसायचं तिथे डुकरासारखी राहतात. सगळ्यात वरचा नंबर डेस प्रिंगलचा. डेस बुलडोझर चालवायचा. त्याच्या सीटमागे कोंबडीची हाडं, मीट-पायच्या तेलकट पिशव्या, आणि खाली उतरायचा कंटाळा म्हणून भरून ठेवलेल्या मुताच्या बाटल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बराच्या उन्हात बंद केबिन. दार उघडलं की मी दोन पावलं मागे सरायचो.

"डेस, तुझ्या बायकोला माहीत आहे का तू असा राहतोस ते?" ग्लेनिस बाटल्या चिमट्यानं उचलून म्हणायची.

"म्हणून तर तिनं मला इथे पाठवलंय," डेस खो खो हसायचा. "आणि तू बाम लावून कुठे निघालीस, लग्नाला?"

हे दर वर्षी चालायचं. ऑक्टोबर संपत आला की यंत्रं आमच्या डिसेंबरातल्या उन्हाळ्यासाठी तयार करायची असतात. रेडिएटर धुवायचा, तोही आतून बाहेर, नाहीतर जाळीतला कचरा आणखी आत घुसतो. पाइप, पट्टे, कूलंट, केबिनचा एसी बघायचा. आणि अगदी शेवटी, कुणालाच नको असतात म्हणून, पोटाखालचे पत्रे उतरवायचे. बुलडोझर दिवसभर झुडपं उपटतो. त्याच्या पोटात स्पिनिफेक्स गवत शिरतं, त्यावर तेल ठिबकतं, त्यात उंदीर आणि सरडे मरून पडतात, आणि सगळ्याचा काळा लगदा होतो. वर इंजिन तापलं की हा लगदा पेटू शकतो. पेटला तर ड्रायव्हरला उडी मारायला वेळ मिळेलच असं नाही.

त्या वर्षी डेमियन लुडलो नवा फोरमन होता. पांढरे दात, इस्त्रीचा शर्ट. पर्थच्या मुख्य कचेरीतून मोठे लोक पाहणीला यायचे होते, म्हणून त्यानं यार्डातलं प्रत्येक यंत्र बाहेरून धुऊन घेतलं. टायरना काळा रंगसुद्धा दिला. टायरना रंग! आणि बुलडोझरच्या काळवंडलेल्या रेडिएटरवर, चिकटलेल्या कचऱ्यासकट, रंगाचा फवारा मारला. मी स्वतः बघितलं. मला त्याच्या अंगावर टँकर रिकामा करावासा वाटला.

ग्लेनिसनं दोन दिवस घालवून रेडिएटरचा रंग आणि कचरा काढला. मग बुलडोझरच्या मुख्य स्विचला आपलं लाल कुलूप अडकवलं आणि पत्रे उतरवायला जॅक मागवला. डेमियन धावत आला.

"पत्रे राहू देत. सोमवारी यंत्र झुडपं काढायला जाणार आहे."

"आत लगदा आहे. मला इथून वास येतोय."

"तुला सगळ्याचाच वास येतो, ग्लेनिस."

"जळका वास आहे, डेमियन."

"पाहणी झाली की बघू."

तिनं पर्थला फोन केला. पर्थनं डेमियननं पाठवलेले फोटो बघितले आणि यंत्र उत्तम दिसतंय असं कळवलं. बाहेरून उत्तम दिसतच होतं. फोन ठेवून ती डेसकडे गेली.

"डेस, तू तरी सांग, पत्रे उतरवल्याशिवाय जाणार नाही म्हणून."

"मी नाही म्हटलं तर तो दुसऱ्याला बसवेल. जाऊ दे ना, म्हातारे. काही होत नाही."

ही 'काही होत नाही'वाली जात माझ्या डोक्यात जाते. काही झालं की हीच माणसं दफनाला टोप्या काढून रांगेत उभी राहतात.

आता कुलपाचं सांगायला हवं. आमच्याकडे यंत्रावर काम करणारा प्रत्येकजण स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावतो, त्यावर त्याचा फोटो असतो, आणि किल्ली त्याच्याच गळ्यात. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. ज्याचं कुलूप त्याच्याशी बोलल्याशिवाय फोरमनसुद्धा ते तोडू शकत नाही. तोडलं तर नोकरी गेली. कुणी कुलूप विसरून सुट्टीवर गेला, तर ती नवख्यांची चूक. परत आल्यावर त्यानं सगळ्यांना बिअरचं खोकं पाजायचं आणि महिनाभर टोमणे ऐकायचे. पण काम अडवायला मुद्दाम कुलूप ठेवून गेला, तर त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा. ग्लेनिसची निवृत्ती तोंडावर आली होती. आजवर तिनं एकही खोकं दिलेलं नव्हतं, आणि त्याचा तिला गर्व होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिची सुट्टी सुरू झाली. माझीही. विमानाकडे जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर होती. यार्डाच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा समोरच बुलडोझर उभा होता, स्विचवर लाल ठिपका. ग्लेनिसनं तिकडे बघितलं. गळ्यातली किल्ली शर्टाच्या आत टाकली, आणि सगळी बटणं लावून घेतली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढचं मी परत आल्यावर ऐकलं. डेमियनला कुलूप दिसलं तेव्हा विमान उडून गेलं होतं. त्यानं फोन लावला. बंद. बहिणीकडे लावला. ती म्हणाली, ग्लेनिस मासे पकडायला किनाऱ्यावर गेलीय, तिथे रेंज नाही. आठवडाभर बुलडोझर हलला नाही. पाहुण्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले, कारण तो सगळ्यात चकाचक होता.

ग्लेनिस परतली ती थेट यार्डात. कुणाला विचारलं नाही, जॅक लावला, बाम फासला आणि बोल्ट सैल केले. काम नव्हतं म्हणून डेस बाजूलाच सिगारेट ओढत उभा होता.

पत्रा खाली आला आणि त्याच्याबरोबर बादल्या भरतील एवढा लगदा. गवत, तेल, उंदरांचे सांगाडे, फुगलेला एक सरडा. वास असा, की मी टँकरमध्ये बसूनही नाक दाबलं. पण वरचा थर काळा नव्हता, राखाडी होता. ग्लेनिसनं हातमोजा फिरवला. राख झाली. एका कडेला गवत जळून कोळसा झालं होतं, आणि त्या कोळशात मुताच्या बाटलीचं निळं झाकण वितळून चिकटलं होतं. आग एकदा लागून गेली होती. आपोआप विझली, एवढंच.

डेसनं झाकण ओळखलं. त्यानं सिगारेट टाकली, कुंपणापर्यंत गेला, आणि भडाभडा ओकला.

डेमियन आला, बघितलं, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "फोटो कुणी काढू नका." त्या लगद्यापेक्षा मला त्या वाक्याची जास्त शिसारी आली.

संध्याकाळी ग्लेनिसनं बिअरचं खोकं आणून बाकावर ठेवलं. कुणी हात पुढे करेना. डेमियननं एक कॅन उचलला, उघडला, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांग, ग्लेनिस. इतकी वर्षं झाली तुला. खरंच विसरलीस?"

ग्लेनिसच्या गळ्याशी लाल चट्टे उठले. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि ती तोंड उघडणार हे दिसत होतं.

"विसरली म्हणजे काय!" डेस एवढ्या जोरात ओरडला की आम्ही दचकलो. "म्हातारी झालीय ती! परवा चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधत होती. एक दिवस पँट विसरून येईल कामावर! मला पूर्ण आठवडा बसवून ठेवलं बयेनं. एक नाही, दोन खोकी पाहिजेत!"

त्यानं कॅन उघडला तो फेस शर्टावर सांडला. मग मीही ओरडलो, मग बाकीचे. बिनडोक, थेरडी, नवखी, जे सुचेल ते. आयुष्यभर जपलेलं नाव आम्ही तिच्या तोंडावर मातीत घातलं, आणि ती बाकावर बसून हसत होती, डोळे पुसत होती. डेमियननं इकडेतिकडे बघितलं, कॅन अर्धवट टाकला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरचे पत्रे उतरवायचे होते. ग्लेनिस आली तेव्हा डेस आधीच खाली आडवा पडला होता, जॅक लावून. त्यानं बाहेर एक हात काढला.

"ती डबी दे गं इकडे," तो म्हणाला.