नवमीची सवाष्ण

मावशी तोंडातल्या टाचण्या काढून पदराला लावायला लागल्या की समजायचं, आता कुणाची तरी खैर नाही. एरवी त्या ओठांत टाचण्या धरूनच माप घ्यायच्या आणि गिऱ्हाइकाला 'हूं' नाहीतर 'ऊंहूं' एवढंच म्हणायच्या. पण मनात काही शिजलं की शिवणयंत्राचं चाक तळहाताने थांबवायच्या, एकेक टाचणी पदरावर खोचायच्या आणि मान जराशी पुढे काढायच्या.

"मी काय म्हनत नाय हां ताई, पन बघा."

अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल, म्हणून जास्त वर्णन करत नाही. आमची सोसायटी सिडकोत. जिन्याखालच्या गाळ्यात मावशींचं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान. बसायला एक स्टूल आणि एक उलटी बादली. मी लॅबमधून परत येताना बादलीवर टेकायचे ते उठायचं नाव घ्यायचे नाही. समोर मोबाईल टेकवलेला असायचा आणि त्यात कुणीतरी घोगऱ्या आवाजात कुठल्यातरी खुनाची हकिगत सांगत असायचं. मावशी पिको करता करता ती ऐकायच्या, आणि त्या माणसाच्या आधी खुनी ओळखायच्या. नाही ओळखला तर सांगणाऱ्यालाच चूक ठरवायच्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी मावशींना कळलं, कारण तिने ब्लाउजच्या शिवणीत उसवायला जास्तीचं कापड ठेवायला सांगितलं होतं. उलट निवृत्त मास्तरांनी अचानक पांढरा झब्बा शिवायला टाकला, तेव्हा त्यांच्या आयुष्यात दुसरी बाई आल्याचं मावशींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मास्तर भजनी मंडळात गेले होते. "भजनी मंडळात बायाबी असत्यात," एवढं म्हणून मावशींनी विषय मिटवला.

त्यांच्या स्वतःच्या घरातला माणूस मात्र त्यांना कधी ओळखता आला नाही. नवरा यंत्रमागावर काम करायला सुरतेला गेला, सुरुवातीला फोन यायचे, मग ते थांबले. भाऊ देवळ्याहून जाऊन शोधून आला. नवरा पत्ता बदलून गेला होता, एवढंच कळलं. मावशी कपाळाला कुंकू लावायच्या, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि कुणी विचारलं तर "मालक सुरतला हायेत" म्हणायच्या. आम्ही बायकाही काही कमी नव्हतो. संक्रांतीला त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचो, पण कुणाचं डोहाळजेवण असलं, ओटी भरायची असली, की त्यांचं नाव कसं कोण जाणे राहून जायचं. त्या दिवशी मावशींकडे नेमकं अर्जंट काम असायचं. दार अर्धं लावून त्या मशीन चालवत बसायच्या.

तर अशा या दुकानात शेवाळे वहिनींची केस आली.

शेवाळे चौथ्या मजल्यावरचे. नवरा ओझरला कामाला, मुलगी श्वेता बारावीला. वहिनी एका सकाळी नामपूरला माहेरी जाते म्हणून निघाल्या आणि पोचल्याच नाहीत. मोबाईल घरीच, चार्जरला लावलेला. पोलीस आले, जबाब झाले, बसस्टँडच्या कॅमेऱ्यात निळ्या साडीतली एक पाठमोरी बाई दिसली. ती वहिनीच की दुसरी कुणी, हे त्यांच्या भावालाही सांगता येईना.

मावशींच्या टाचण्या त्या आठवड्यात तोंडात गेल्याच नाहीत.

"बाई माहेरी जायला निघती आन फोन घरी ठेवती? फोन बाईनं नाय ठेवला. दुसऱ्या कोणी ठेवला."

कुणीतरी म्हणालं, शेवाळे तर गरीब माणूस, कधी त्यांचा आवाज ऐकला नाही. "तेच तर," मावशी म्हणाल्या. "जो भांडत नाय तो साठवतो." तो रविवारी गॅलरी धुताना दिसला, तर गॅलरी का धुतली. नाही धुतली, तर आता का धूत नाही. मग एकदा तो दुकानात आला आणि विचारलं, हिचे ब्लाउज टाकले होते ते झाले का. मावशींनी ते मुकाट्याने दिले. तो जिना चढून गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नसलेल्या बाईचं ब्लाउज कोन नेतं? ज्याला दाखवायचं असतं, की मी वाट पाहतोय, तो."

मीही मागे नव्हते. लॅबमध्ये काम करते म्हणून रक्ताबद्दलचे सगळे प्रश्न माझ्याकडे यायचे आणि मी मोठ्या अधिकाराने उत्तरं द्यायचे. वास्तविक मी जन्मभर शुगर आणि थायरॉइडच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. पण शेजारची बाई नाहीशी होते तेव्हा प्रत्येकाला वाटतं की आपल्याला काहीतरी माहीत आहे. आपल्याला काहीच माहीत नाही, हे सहन होत नाही.

या सगळ्यात श्वेता होती. ती आधी क्लासहून आल्यावर मावशींच्या गाळ्यात बसून बटणं लावून द्यायची. ते बंद झालं. जिन्यात दिसली की आम्ही गप्प व्हायचो, आणि आमचं ते गप्प होणंच तिला सगळं सांगत असणार. बापलेक एकमेकांशी बोलेनासे झालेत, डबाही वेगवेगळा खातात, असं कळलं. एका दुपारी ती सरळ गाळ्यात आली. मी बादलीवर होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी, तुम्हाला सगळं कळतं ना? खरं सांगा. पप्पांनी केलंय का काही?"

मावशींनी चाक थांबवलं. पण टाचण्या तोंडातच राहिल्या. त्यांनी नुसतं स्टूल पुढे सरकवलं, पण पोर बसली नाही. ती गेल्यावर मावशींनी एकेक टाचणी काढून डबीत टाकली. "माय तर गेली तिची," शेवटी त्या म्हणाल्या. "आता बापबी नेतोय आपन." आपण म्हणाल्या, हे मला लागलं.

तरीही सवय कुठे जाते?

असे काही महिने गेले आणि पितृपक्ष लागला. एक दिवस शेवाळे खाली आला, गाळ्याच्या दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, नवमीला आमच्याकडे जेवायला याल का? सवाष्ण म्हणून."

तुम्हाला ठाऊक असेलच, पण ज्यांच्या घरी नसतं त्यांच्यासाठी सांगते. पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. नवऱ्याच्या आधी गेलेल्या. म्हणजे मेलेल्या. पोलीस अजून बेपत्ता म्हणताहेत, माहेरचे नवस बोलताहेत, आणि नवरा बायकोच्या नावाने पित्तर घालतोय. मावशींनी टाचण्या पदरावर खोचल्या आणि हे मला सांगितलं. "ताई, त्याला ठाऊक हाय. बाई नाय हे ज्याला ठाऊक हाय तोच नवमी करल."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळलं. एवढ्या महिन्यांत पोलिसांना जे जमलं नाही ते पंचांगाने करून दाखवलं, असं आमचं मत झालं. पोलीस चौकीत जाऊन सांगावं असं ठरत होतं. काही बायका दुसऱ्याच गोष्टीवर अडल्या होत्या. सोसायटीत इतक्या सवाष्णी असताना यांनाच का? त्या हे मावशींच्या मागे बोलल्या, पण फार मागे नाही.

"आधी जेऊन येते," मावशी म्हणाल्या. "मग चौकीचं बघू."

नवमीला त्या निघाल्या तेव्हा मी पाहिलं. डाळिंबी रंगाची साडी होती, घडीच्या खुणा तशाच असलेली. केसात गजरा. तपास करायला निघालेली बाई गजरा कशाला माळेल? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मला नुसतं वाटलं की आज मावशी छान दिसताहेत.

दुपारी त्या उतरल्या आणि गाळा न उघडता सरळ माझ्या दारात आल्या. सुट्टी होती म्हणून मी घरीच होते. ओटीचे तांदूळ, नारळ, खण सगळं पदरात तसंच धरलेलं. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग सांगितलं.

स्वयंपाक त्याने आणि श्वेताने मिळून केला होता. उडदाचे वडे करपले होते, खीर बरी होती. गावाहून त्याची आत्या आली होती. तिने नैवेद्याची दोन ताटं वाढली आणि दोन खण काढले. एक ताट त्याच्या आईचं. ती त्याच्या वडिलांच्या आधी गेली होती, त्यांच्याकडे दरवर्षी नवमी व्हायची. वहिनीच सगळं करायच्या, सवाष्णही नात्यातलीच असायची, म्हणून आम्हाला कधी कळलंच नव्हतं. पुरुष माणूस स्वतः बोलवायला खाली आला तेव्हा आम्ही पाहिलं. आणि दुसरं ताट? आत्या म्हणाली, आता किती दिवस, हिचंही करून टाक बाबा, अडकून नको राहायला.

"मग?"

"त्यानं ते ताट उचललं. भांड्यात भाजी परत वतली, खीर परत वतली. ताट धुऊन पालथं घातलं. आत्याला म्हनला, तिचं कशाला? ती आहे." मावशी थांबल्या. "पोर दारात उभी व्हती. तिनं बापाच्या हातातलं फडकं घेतलं आन ताट पुसलं. मग दोघं जेवायला बसली, एका पंगतीला. माझ्या समोर."

मी म्हटलं, मावशी, ताट उचललं हा काही पुरावा नाही. दाखवायला करणारा हेही करू शकतो. तुम्हीच म्हणाला होतात.

"नाय पुरावा," त्या म्हणाल्या. "मी इचारलं त्याला. म्हनलं, भाऊ, मलाच का बोलावलं? माझंबी काय खरं नाय. तो म्हनला, मावशी, तुमचं तुम्हाला खरं आहे ना? मग झालं."

एवढं सांगून त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या खणाकडे बघत म्हणाल्या की सासरची ओटी सोडली तर ही पहिलीच. मी चहा टाकला.

चौकीत कुणी गेलं नाही. मावशींनी तर्क करणं सोडलं असं मात्र समजू नका. आता वहिनी जिवंत आहेत हे धरून सगळे तर्क चालायचे. त्र्यंबकला एखाद्या मठात भाकरी थापत असतील. डोक्यावर परिणाम झाला असेल आणि कुणा चांगल्या माणसाने ठेवून घेतलं असेल. नवऱ्याचं काहीतरी चुकलं असेलच, पण चुकलं म्हणून मारलं असं थोडंच असतं. श्वेता पुन्हा बटणं लावायला येऊ लागली होती आणि हे सगळं तिच्यासमोर चालायचं. मावशी वहिनींना दर आठवड्याला नव्या गावी नेऊन ठेवायच्या, आणि पोर ऐकायची. एकदा म्हणाली, "मावशी, आईला थंडी सहन होत नाही. सप्तशृंगीला नका ठेवू." मावशींनी लगेच वहिनींना गड उतरवून वणीला आणलं.

मला काय वाटतं ते विचाराल तर, मला अजूनही माहीत नाही. त्या घरात काय झालं होतं, बाई का गेली, कुणी घालवली, काही माहीत नाही. मावशींना माहीत नव्हतं तेही तेवढंच खरं. पण त्यांच्या गाळ्यात वहिनी कुठेतरी होत्या, आणि तसं ठिकाण आज आमच्याकडे कुठेच नाही.

मावशी गेल्या त्या एका साध्या दुपारी, मशीनवरच. डोकं टेकवून बसल्यात असं वाटलं. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. भाऊ देवळ्याहून आला, आणि गाळ्यासमोर सतरंजीवर त्यांना ठेवलेलं असताना तो प्रश्न आला जो आम्ही सगळ्या वर्षानुवर्षं टाळत होतो. नेसवायचं काय? सवाष्ण गेली तर हिरवी साडी, कपाळभर मळवट, ओटी. नाहीतर पांढरं. त्या काय होत्या?

"दाजी हाय का नाय, कोनाला ठाऊक," भाऊ म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, माणूस असता तर आला नसता का इतक्या वर्षांत. दुसरी म्हणाली, पांढरंच बरं, उगाच दोष नको. मी मावशींचा पदर सारखा करत राहिले.

शेवाळे जिन्यात उभा होता. जो माणूस कधी मोठ्याने बोलला नाही तो तिथूनच बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"त्या माझ्या घरी सवाष्ण म्हणून जेवल्यात. हिरवी नेसवा."

श्वेता धावत वर गेली आणि कपाटातून आईची हिरवी साडी घेऊन आली, जरीकाठाची, चांगली. ती आमच्या हातात देणार तोच त्याने मधेच तिचा हात धरला.

"ही नको बाळा. ही आईला लागेल."

श्वेताने साडी छातीशी धरली आणि पायरीवर बसली. तो चप्पल अडकवून नवी साडी आणायला बाजारात गेला. ऊन होतं, भावाची गाडी खोळंबली होती, तरी कुणी घाई केली नाही. आम्ही सगळ्या बायका मावशींभोवती बसून त्याची वाट पाहिली, आणि त्या गाळ्यासमोर पहिल्यांदाच कुणी कुणाबद्दल काही बोललं नाही. मग तो हिरवी साडी आणि बांगड्या घेऊन आला. मळवट म्हातारीनेच भरला. ओटी मी भरली.