काळी चांदी

आखातातल्या करामा बाजारातल्या माझ्या सोनारकामाच्या दुकानात ती मोरोक्कोची बाई फक्त टाका मारून घ्यायला आली होती. खांद्यावर वस्त्र अडकवायची जुनी, त्रिकोणी पिन होती ती, तिकडच्या बर्बर जमातीतली, चांदीची. सुई निखळली होती. बोलताना तिचा अंगठा सारखा पिनेवरच्या काळ्या नक्षीवरून फिरत होता.

"ये आँख है. नजर रोकता है," ती मोडक्या हिंदीत म्हणाली.

मजुरीवर तिने अशी घासाघीस केली की मी खूश झालो. टाका मारला आणि वर फुकटात पॉलिशही करून दिलं. पिन आरशासारखी पांढरी झाली. काळेपणाबरोबर नक्षीही पुसट झाली.

तिने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "आँख किधर गया?"

"काला था, निकाल दिया. फ्री में!"

"वो काला मेरी अम्मा ने रखा था, भाई. मैंने भी कभी नहीं धोया."

मी भडकलो. "इधर सब को चमकता माल मँगता है! मेरे को धंदा मत सिखाओ!"

तिने पिन रुमालात बांधली आणि निघून गेली.

ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पुरून उरतो. ही बाई ओरडलीच नाही. त्याचा मला अजून राग येतो.