अप्पासाठी नेलेली बाटली

आमच्या विद्यानगरच्या कोपऱ्यावर दारूचं दुकान आहे. काउंटरच्या वर कन्नडमध्ये पाटी आहे, एकवीस वर्षांखालच्यांना दारू मिळणार नाही. दर अमावस्येला त्या पाटीला झेंडूची माळ चढते, दारात कोहळा फुटतो, आणि त्याच पाटीखालून कॉलेजची पोरं बाटल्या घेऊन जातात.

मला हे कळलं ते माझ्या मुलाच्या कपाटातून. बारावीतला मुलगा. शर्टांच्या घड्यांमागे अर्धी बाटली सापडली, ह्यांचाच ब्रँड. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. लिव्हर गेलं. शेवटी पोट टम्म फुगलेलं असायचं, उलट्या व्हायच्या, आणि त्या ह्याच पोरानं नाक न मुरडता पुसल्या होत्या. आता तोच आंबूस वास त्याच्या शर्टाला.

"कोण देतं तुला?"

"कोपऱ्यावरचे अण्णा."

"वय नाही विचारत?"

"कुणासाठी, एवढंच विचारतात. अप्पासाठी म्हटलं की देतात."

आमच्याकडे हे जुनंच आहे. बाप टीव्हीसमोरून हलायचा नाही, पोराला पिटाळायचा. दुकानदारांनी त्यातून आपला सोयीचा कायदा काढला. "यारिगे?" म्हणजे कुणासाठी, एवढं विचारायचं, पोरानं अप्पाचं, म्हणजे बापाचं, नाव घ्यायचं, झालं. मोठ्यासाठी नेली तर ती म्हणे पोराला विकल्यासारखी होत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर दुकानात गेले. अण्णा हात जोडून उभे.

"या अक्का. बऱ्याच दिवसांनी."

"माझ्या मुलाला बाटली तुम्ही दिलीत?"

"त्याला कशाला देऊ अक्का? लहान पोरांना आम्ही देतच नाही, कायदा आहे. त्यानं अप्पासाठी नेली."

"कुठं आहेत त्याचे अप्पा?"

अण्णा फडक्यानं काउंटर पुसायला लागले. तेराव्याला आमच्या घरी येऊन ह्या माणसानं गव्हाची गोड हुग्गी दोनदा वाढून घेतली होती. देवमाणूस गेला म्हणून डोळे पुसले होते. त्या देवमाणसाला रोजची बाटली द्यायचे ते हेच.

"गर्दी असते अक्का. सवयीनं विचारतो, सवयीनं देतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "यात अवघड काय आहे हो? ओळखपत्र मागा. जन्मसाल वाचा, फोटोतलं तोंड आणि समोरचं तोंड जुळतंय का बघा. नसेल कार्ड, तर नाही म्हणा. आणि ज्या अप्पाला प्यायची आहे, त्यानं पायात चपला घालून स्वतः यावं."

"कार्ड मागितलं तर गिऱ्हाईक उणकलच्या दुकानात जातं अक्का." हे अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं त्यांनी.

पेन्शनच्या कामासाठी ह्यांचे पासपोर्ट फोटो पर्समध्येच असायचे. एक काढून काउंटरवर ठेवला. "हे अप्पा. पुढच्या वेळी कोणी अप्पासाठी म्हटलं, तर आधी ह्यांना विचारा."

दोन्ही हातांनी घेतला त्यांनी फोटो. मान खाली घातली. मला वाटलं, लाज वाटली असेल.

पुढच्या अमावस्येला संध्याकाळी दूध आणायला निघाले होते. दुकानाच्या दारात कोहळ्याच्या फोडी पडलेल्या. सहज आत नजर गेली. पाटीखाली, देवांच्या तसबिरींशेजारी ह्यांचा फोटो. फ्रेम केलेला, वर चंदनाचा हार, पुढे अगरबत्ती. आणि समोर एक पोरगा, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र लोंबतंय.

"यारिगे?"

"अप्पासाठी."

गळ्यातल्या कार्डाकडे न बघता अण्णांनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

मी आत घुसले आणि फोटो ओढून काढला. हार खाली पडला.

"असं काय करता अक्का, रोज अगरबत्ती लावतो आम्ही." अण्णांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. मला त्या चेहऱ्याची इतकी शिसारी आली की फोटो घेऊन तशीच बाहेर पडले. घरी येऊन फ्रेम साबणानं धुतली, तरी धूप आणि दारूचा वास हाताला येतच राहिला.

मुलगा आता त्या दुकानात जात नाही. अप्पांचा फोटो बघून कसंतरी व्हायचं, म्हणाला. उणकलला जातो. तिथं कुणासाठी, हेसुद्धा विचारत नाहीत.