पिठावरचं पाऊल

गिरणीतून आणलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला, की त्या गरम वासानं मी अजूनही होटगीच्या आमच्या घरात जाऊन पोचते.

आत्या गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. नवऱ्याला सोडून ती आमच्याकडं राहायला आली होती, म्हणून शेजारच्या काकू माझ्यादेखत म्हणाल्या, "पाप केलंय तिनं. नरकातच जाणार की." रोज माझ्या वेण्या घालणारी आत्या नरकात! मी रडत अण्णांकडं गेले. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. मेल्यावर काही उरत नाही, असं सगळ्यांना ठणकावून सांगायचे. मला मात्र त्यांनी नुसतं जवळ घेतलं.

रीतीप्रमाणं दिव्यापाशी ताटात पीठ पसरून वर टोपली झाकली होती. गेलेला जीव ज्या जन्माला जातो, त्याचं पाऊल म्हणे पिठात उमटतं. सकाळी काकूंनीच टोपली उचलली. पिठात चिमणीची नाजूक पावलं होती.

"अगं बया, चिमणी झाली! लई चांगला जीव हुता," म्हणत काकूंनी डोळे पुसले.

अण्णा हात मागं बांधून उभे होते. त्यांच्या बोटाला पीठ लागलेलं मला मागून दिसलं. त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं लागली.

यंदा अण्णा गेले. मीही ताटात पीठ पसरून ठेवलं. सकाळी टोपली उचलली, तर पीठ कोरंच.

अण्णा म्हणायचे तेच खरं असेल. तरी एक पाऊल हवं होतं मला.